राजी सेल्स: अर्जापासून नायट्रोजनच्या टाकीपर्यंत

ज्यांनी आजवर फक्त प्लास्टिकला चिकटून वाढणाऱ्या सेल्स सांभाळल्यात किंवा सेल कल्चर अजिबातच केलेलं नाही, आणि आता गाइडने 'लिम्फोमाची एक लाइन लागेल, मागवून घे' असं जाता जाता सांगून टाकलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. (लाइन म्हणजे सेल लाइन, एका पेशंटच्या नमुन्यातून निघून लॅबमध्ये वाढतच राहणाऱ्या सेल्स.) मी शोधत होते तेव्हा प्रोटोकॉल ढिगाने सापडले. पण अर्ज भरल्यापासून सेल्स हातात येईपर्यंत काय काय होतं, कुठे किती थांबावं लागतं, कधी घाबरायचं आणि कधी नाही, हे सलग असं कुठेच मिळालं नाही. माझं हे सगळं फेब्रुवारीत सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये संपलं, आणि त्यातला खरा सेल कल्चरचा भाग शेवटच्या दीड-दोन महिन्यांचाच.

टी सेल्स आणि बी सेल्स या दोन्ही इम्युनिटीच्या पांढऱ्या पेशी. आमच्या प्रोजेक्टमध्ये टी सेल्सना असं बदलायचं आहे की त्या सीडी१९ हे प्रोटीन असलेल्या बी सेल्सना ओळखून मारतील. ही कल्पना नवीन नाही, २०१७ मध्ये अशा पहिल्या उपचाराला अमेरिकेत मान्यताही मिळाली. पण आपल्या टी सेल्स खरंच मारतायत का हे बघायला मारण्यासाठी काहीतरी समोर हवं, म्हणजे टार्गेट. ते टार्गेट म्हणून जगभर जी लाइन सर्रास वापरतात ती राजी. बर्किट लिम्फोमा या बी सेलच्या कॅन्सरची, सीडी१९ आणि सीडी२० ही बी सेलची दोन्ही प्रोटीन्स भरपूर.

आता बर्किटच्या लाइन्स काय एकच आहे का, दौदी आहे, रामोस आहे. रामोसमध्ये एपस्टाइन-बार व्हायरस नाही, त्यामुळे कागदपत्रं जरा सोपी झाली असती. दौदीमध्ये बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन बनत नाही, त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर एचएलए क्लास वन, म्हणजे टी सेल्स ज्यावरून आपलं-परकं ओळखतात ती प्रोटीन्स, नसतात, आणि टी सेल्सच्या प्रयोगात ती गोष्ट आम्हाला मधे नको होती. यावर बरीच चर्चा झाली, शेवटी सर म्हणाले की ज्या लाइनवर सगळ्यांनी काम केलंय तीच घे, म्हणजे आपले आकडे दुसऱ्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. पटलं.

मधे एक मोह झाला तोही सांगते, कारण तुम्हालाही होणार आहे. शेजारच्या लॅबच्या टाकीत राजीच्या व्हायल्स, म्हणजे गोठवलेल्या सेल्सच्या छोट्या कुप्या, होत्या. झाकणावर मार्करने नाव आणि एक पुसट झालेली तारीख. मागितल्या असत्या तर पाच मिनिटांत मिळाल्या असत्या, फुकट. पण कितवा पॅसेज (म्हणजे सेल्स कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्या), कुणी फ्रीझ केल्या, कुठून आणल्या, कुणालाच माहीत नाही, ज्याने आणल्या तो केव्हाच पास होऊन गेला. चुकीच्या ओळखीच्या सेल लाइन्सची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे, आयसीएलएसी नावाची समिती ती ठेवते, आणि तिच्यात पाचशेहून जास्त लाइन्स आहेत. म्हणजे लोक वर्षानुवर्षं समजत होते की आपण अमुक सेल्सवर काम करतोय आणि फ्लास्कमध्ये वेगळंच काहीतरी वाढत होतं. ती यादी एकदा नजरेखालून घातली की फुकटच्या व्हायलचा मोह आपोआप उतरतो. शिवाय आता बरीच जर्नल्स सेल्स कुठून घेतल्या आणि ओळख कशी तपासली हे विचारतात, तिथे 'शेजारून' असं लिहिता येत नाही.

मग रीतसर मार्ग. राजी मोठ्या सेल बँकांकडे मिळते: अमेरिकेतल्या एटीसीसीकडे सीसीएल-८६ या नंबराने, जर्मनीतल्या डीएसएमझेडकडे आणि इंग्लंडच्या ईसीएसीसीकडेही. सेलोसॉरस म्हणून एक मोफत ऑनलाइन कोश आहे, त्यात लाइनचं नाव टाकलं की सगळ्या बँकांचे नंबर, मूळ पेशंटची माहिती, एसटीआर या डीएनएवरून ओळख पटवणाऱ्या टेस्टचं प्रोफाइल, सगळं एका पानावर येतं. अर्ज भरायच्या आधी ते पान डाउनलोड करून ठेवा, पुढे प्रत्येक फॉर्मला त्यातलंच काही ना काही लागतं.

पहिला फॉर्म संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचा. त्यात एक प्रश्न असतो, या सेल्समध्ये कोणता रोगकारक घटक आहे का. राजीसाठी उत्तर 'हो' असंच आहे. प्रत्येक सेलमध्ये एपस्टाइन-बार व्हायरसच्या जीनोमच्या पन्नासेक प्रती असतात. त्या जीनोममधले काही तुकडे गळालेले असल्यामुळे राजीतून सहसा पूर्ण व्हायरस बाहेर पडत नाही, आणि तसंही बहुतेक मोठ्या माणसांना हा व्हायरस कधी ना कधी होऊन गेलेला असतो. तरीपण बँका तिला बायोसेफ्टी लेव्हल दोनमध्येच ठेवतात, आणि फॉर्ममध्ये ते स्पष्ट लिहिणं आपल्याच फायद्याचं, लपवलं की फॉर्म परत येतो. माझा तरी एकदा परत आलाच, पण वेगळ्या कारणाने: कचरा कसा नष्ट करणार ते 'नियमानुसार' असं लिहिलेलं त्यांना पुरेसं वाटेना. मग लिहिलं की द्रव कचऱ्यात १० टक्के ब्लीच घालून अर्धा तास ठेवणार, घन कचरा १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह करणार, सुई अजिबात वापरणार नाही. ते लगेच मंजूर झालं. समितीच्या एका मॅडमनी अजून एक अट घातली, की टी सेल्ससाठी स्वतःचं किंवा लॅबमधल्या कुणाचं रक्त वापरायचं नाही. तेव्हा वाटलं हे काय उगाच, पण कारण पक्कं आहे. स्वतःच्याच सेल्स बाहेर बदलल्या, वाढवल्या आणि चुकून टोचल्या गेल्या, तर आपली इम्युनिटी त्यांना परकं समजून हाकलणार नाही.

समिती महिन्यातून एकदाही बसत नाही, हे गृहीत धरूनच वेळापत्रक करा. आमचा मार्च त्यातच गेला.

दुसरा कागद एमटीए, म्हणजे मटेरियल ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट. यावर तुमची सही चालत नाही, गाइडचीही एकट्याची चालत नाही, संस्थेच्या वतीने सही करायचा अधिकार ज्यांना आहे त्यांची लागते. आणि ते नेमके कोण हे शोधण्यातच काही दिवस जातात, कारण प्रत्येक ऑफिस दुसऱ्या ऑफिसकडे बोट दाखवतं. सापडले तेव्हा ते रजेवर होते. परत आल्यावर त्यांनी कागद कायदा विभागाकडे पाठवला आणि तिथून प्रश्न आला की आम्ही या सेल्समध्ये जीन घालून नवीन सेल्स बनवल्या तर त्या कुणाच्या. प्रश्न अगदी रास्त आहे, आम्हाला ल्युसिफरेज (प्रकाश पाडणारं एन्झाइम) घातलेली राजी बनवायचीच होती. अशा अ‍ॅग्रीमेंटमध्ये मूळ सेल्स, त्यांची जशीच्या तशी वाढलेली पिल्लावळ आणि आपण केलेले बदल यांच्या वेगवेगळ्या व्याख्या असतात, तेवढा भाग तरी स्वतः बसून वाचा. व्यावसायिक वापर नाही, परवानगीशिवाय तिसऱ्याला द्यायच्या नाहीत, माणसांमध्ये वापरायच्या नाहीत, ही साधारण कलमं.

एक क्रम मात्र पक्का लक्षात ठेवा. आधी जैवसुरक्षेची मंजुरी, मग एमटीए, आणि सगळ्यात शेवटी कोटेशन. कोटेशनला मुदत असते, लवकर मागवलं तर सह्या होईपर्यंत ती संपते आणि खरेदी विभाग फाइल परत पाठवतो. आमच्या आधीच्या बॅचमधल्या एकाचं असं झालं होतं म्हणून मला आधीच कळलं.

हे सगळं चालू असताना हातात वेळच वेळ होता, म्हणून या सेल्स आल्या कुठून ते वाचत बसले. डेनिस बर्किट हे सर्जन, युगांडात कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये काम करायचे, लहान मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या गाठींवर त्यांनी १९५८ मध्ये लिहिलं. १९६१ मध्ये लंडनला त्यांचं व्याख्यान झालं, ते ऐकायला अँथनी एपस्टाइन बसले होते, आणि त्यांना वाटलं की यामागे एखादा व्हायरस असू शकतो. १९६४ मध्ये एपस्टाइन, बर्ट अकाँग आणि इव्होन बार यांनी याच गाठीपासून वाढवलेल्या सेल्समध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो बघितला. राजीची गोष्ट त्याच सुमाराची: १९६३, नायजेरिया, अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा, डाव्या बाजूच्या वरच्या जबड्यात गाठ. पल्व्हरटाफ्ट नावाच्या ब्रिटिश पॅथॉलॉजिस्टनी त्या गाठीतल्या सेल्स वाढवल्या आणि त्या वाढतच राहिल्या. रक्तपेशींच्या कुळातली सतत वाढणारी पहिली मानवी लाइन म्हणून हिचं नाव घेतलं जातं. हेला ही सगळ्यात प्रसिद्ध मानवी सेल लाइन १९५१ ची, म्हणजे राजी बारा वर्षांनी धाकटी, पण हेलामागच्या बाईंचं नाव आज जगाला माहीत आहे आणि या मुलाबद्दल कॅटलॉगमध्ये वय, लिंग, वंश आणि गाठीची जागा एवढंच आहे. तेव्हा आजच्यासारखे संमतीचे फॉर्म नव्हते. मी एका बाजूला 'मूळ पेशंटची माहिती' हा रकाना भरत होते आणि दुसऱ्या बाजूला हे वाचत होते, जरा विचित्र वाटलं. त्यावर माझ्याकडे काही थोर विचार नाही. पण थिसिसमध्ये सेल लाइनच्या परिच्छेदात मी आता त्या मुलाबद्दलचं एक वाक्य ठेवलंय, नुसता कॅटलॉग नंबर नाही.

थांबण्याच्या काळात करण्यासारखी खरी कामं वेगळीच आहेत. एक म्हणजे सीरम. राजीचा मिडिया, म्हणजे सेल्स ज्यात वाढतात ते पोषक द्रव, साधा आहे, आरपीएमआय १६४० आणि त्यात १० टक्के फीटल बोव्हाइन सीरम, झालं. पण सीरमच्या लॉटा-लॉटात फरक असतो, म्हणून दोन लॉटची सँपल्स मागवून लॅबमधल्या दुसऱ्या सस्पेन्शन (न चिकटता तरंगत वाढणाऱ्या) लाइनवर वाढ बघितली आणि जो बरा निघाला त्याच्या प्रोजेक्टभर पुरतील एवढ्या बाटल्या राखून ठेवायला सांगितल्या. खर्चाचं विचाराल तर सगळ्यात मोठा आकडा याच सीरमचा. सेल्सच्या व्हायलची किंमत एकदाच मोजायची असते, ड्राय आइसमधलं कुरियर जवळपास व्हायलच्याच तोडीचं पडतं आणि ते बजेटमध्ये लिहायचं बहुतेकजण विसरतात, पण सीरम दर महिन्याला खिसा कापतं. एसटीआर टेस्ट त्यामानाने काहीच नाही.

दुसरं, क्वारंटाइनची जागा. नवीन आलेल्या सेल्स मायकोप्लाझ्माचा (सेल कल्चरमध्ये लपून राहणारा बारीक जिवाणू) रिपोर्ट येईपर्यंत सगळ्यांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या नाहीत. आमच्याकडे कोपऱ्यात एक जुना इन्क्युबेटर पडून होता, तो पुसून काढला, पाण्याचा ट्रे बदलला, सीओटू ५ टक्क्यांवर आहे का ते वेगळ्या मीटरने तपासून घेतलं. डिस्प्लेवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो आकडा सेन्सरला जे वाटतं ते सांगतो.

आणि तिसरं, टाकीतली जागा. लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत कोणत्या रॅकच्या कोणत्या बॉक्समध्ये व्हायल जाणार ते आधीच ठरवून वहीत लिहून ठेवलं. बॉक्स दारात आल्यावर जागा शोधत बसलं तर व्हायल वितळणार.

जुलैच्या सुरुवातीला मेल आला की माल निघाला. सेल बँकेला आधीच लिहून ठेवलं होतं की आठवड्याच्या सुरुवातीलाच पाठवा, शनिवार-रविवार मधे येऊ देऊ नका. कस्टम्ससाठी संस्थेच्या लेटरहेडवर एक साधं पत्र दिलं होतं: मानवी सेल कल्चर, संशोधनासाठी, विक्रीसाठी नाही, ड्राय आइस इतके किलो, वितळलं तर उपयोग शून्य. हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरात. तरीही खोकं एक दिवस अडकलं आणि मी त्या दिवशी ट्रॅकिंगचं पान किती वेळा उघडलं ते विचारू नका.

खोकं आलं की सगळ्यात आधी ड्राय आइस शिल्लक आहे का ते बघायचं आणि फोटो काढायचा, तारीख-वेळेसकट. नंतर काही तक्रार करायची झालीच तर तो फोटोच कामी येतो. खोक्यावर नऊ नंबरच्या वर्गाचं लेबल असतं, त्यावर पाठवताना किती किलो घातलं ते लिहिलेलं असतं. आमच्या खोक्यात तळाशी मूठभर मोठे तुकडे उरले होते, व्हायल त्यांच्यातच रुतलेली, आतला गोळा पांढरट आणि घट्ट. ड्राय आइस उणे ७८ अंशाला असतं, तिथे सेल्स थोडे दिवस तग धरतात पण मुक्काम करू शकत नाहीत, आणि घरगुती फ्रीजरसारख्या उणे २० ला तर मुळीच ठेवायच्या नाहीत. एकतर लगेच वितळवायच्या किंवा नायट्रोजनच्या वाफेत ठेवायच्या. वाफेतच, द्रवात बुडवून नाही, कारण झाकणातून द्रव नायट्रोजन आत शिरला तर बाहेर काढल्यावर तो झपाट्याने फुगतो आणि व्हायल फुटू शकते. फेस शील्ड घाला, कुणी हसलं तरी.

व्हायल एकच, त्यामुळे वितळवायच्या दिवशी पोटात गोळा आला होता. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. ३७ अंशाच्या पाण्यात झाकण वर ठेवून हलकेच हलवत राहायचं, दोन मिनिटांच्या आतच गोळा सुटतो, आणि आत बर्फाचा एक छोटासा मणी उरला की तेव्हाच बाहेर काढायचं, पूर्ण वितळायची वाट बघायची नाही. ७० टक्के अल्कोहोलने पुसायचं, हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, न्यायचं. फ्रीझिंगच्या मिडियात डीएमएसओ असतं, ते गार असताना सेल्सना वाचवतं आणि गरम झाल्यावर त्रास देतं, म्हणून सेल्स कोमट मिडियात थेंब थेंब सोडायच्या, एकदम ओतायच्या नाहीत. मग सेंट्रिफ्यूजमध्ये हलका स्पिन, वरचं काढून टाकायचं, तळाशी बसलेला सेल्सचा गोळा म्हणजे पेलेट, ती ताज्या मिडियात बोटाने टिचकी मारत सोडवायची. मी सगळ्या सेल्स पाच मिलीत घेतल्या आणि छोटा टी-२५ फ्लास्क आडवा न ठेवता उभा ठेवला. उभ्या फ्लास्कच्या तळाशी जागा कमी असते त्यामुळे सेल्स एकमेकींच्या जवळ बसतात, आणि लिम्फोमाच्या सेल्सना एकटं पडलेलं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि धसकाच घेतला. चिकटणाऱ्या सेल्सची सवय असलेल्यांना हे खास सांगायचंय, तिथे जिवंत सेल पसरते आणि मेलेली तरंगते, त्यामुळे तरंगणारं काही दिसलं की आपण मनातल्या मनात श्रद्धांजली वाहतो. राजी सगळीच तरंगते. गोल गोल ठिपके, त्यात मेलेल्यांचा कचरा, काही सुरकुतलेल्या, काही फुटलेल्या, कोण जिवंत काही कळेना. लॅबमधल्या सीनियर ताईला बोलावलं.

'ताई, मेल्या का गं सगळ्या?'

तिने डोळा लावला, फोकस जरासा वर-खाली केला आणि म्हणाली, 'मेल्या नाहीत, दमल्यात. कडा चकाकतेय त्या बघ. फ्लास्क आत ठेव आणि तीन दिवस हात लावू नकोस. मिडिया बदलायचा नाही, स्पिन करायचा नाही, रोज येऊन हलवायचं तर अजिबातच नाही.'

हाच या सगळ्यातला सर्वात अवघड भाग आहे. कागदपत्रांच्या वेळी निदान फोन तरी करता येतो. इथे काहीच करायचं नसतं, आणि सेल्स बिघडवण्याचं मोठं काम आपली काळजीच करते. प्रत्येक स्पिनमध्ये थोड्या सेल्स जातात, प्रत्येक वेळी मिडिया बदलला की सेल्सनी स्वतः सोडलेली वाढीची रसायनंही फेकली जातात.

तीन दिवसांनी मोजणी केली. ट्रायपॅन ब्ल्यू हा रंग आणि सेल्स समप्रमाणात मिसळून न्यूबाउअर चेंबरमध्ये, म्हणजे चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचेवर, सोडायचं. निळ्या त्या मेलेल्या, चकाकणाऱ्या त्या जिवंत. चार कोपऱ्यांतले मोठे चौकोन मोजून सरासरी काढायची, दोनने गुणायचं, मग दहा हजारांनी गुणायचं. माझी सरासरी २१ आली, म्हणजे एका मिलीत ४ लाख २० हजार जिवंत, आणि एकूणातल्या साधारण साठ टक्के जिवंत. साठ टक्के ऐकून मला रडू येत होतं, ताई म्हणाली पुढच्या आठवड्यात बघ. आणि खरंच, पुढच्या आठवड्यात ते प्रमाण नव्वदच्या वर गेलं. मेलेल्या सेल्स विरघळून जातात आणि जिवंत वाढत राहतात, त्यामुळे टक्केवारी आपोआप चढते. मेलेल्या काढून टाकायची किट्स मिळतात, मला तरी लागली नाहीत.

एकदा वाढायला लागल्या की राजी सांभाळायला सोपी. रोज-दीड दिवसाला दुप्पट होतात, नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर फ्लास्कच्या तळाशी रवाळ ढग दिसतो, मायक्रोस्कोपखाली द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके. हे पुंजके म्हणजे तब्येत चांगली असल्याची खूण आहे, मोजण्याआधी पिपेटने हलके सोडवायचे बस. एका मिलीत ४ लाखांच्या खाली नेऊ नका आणि ३० लाखांच्या वर जाऊ देऊ नका. इथे चिकटलेल्या सेल्स सोडवणारं ट्रिप्सिन नाही, खरवडणं नाही, थोडं कल्चर काढायचं आणि ताजा मिडिया घालायचा. मिडियाचा रंगही बरंच सांगतो, नारिंगी झाला की भूक लागलीय, पिवळा झाला की उशीर झालाय, आणि सेल्स असूनही गुलाबी-जांभळा दिसला तर आधी सीओटूचा सिलिंडर बघा.

अँटिबायोटिक मी घातलं नाही. यावर लॅबमध्ये दोन तट आहेत. माझं मत असं की पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घातलं की हाताची ढिलाई झाकली जाते, आणि ज्याची खरी भीती त्या मायकोप्लाझ्मावर पेनिसिलिन चालतच नाही, कारण त्याला सेल वॉलच नसते. मायकोप्लाझ्मा मिडिया गढूळ करत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, नेहमीच्या गाळणीतूनही निसटू शकतो, आणि आत बसून सेल्सचं वागणं बदलतो. त्यामुळे पीसीआर करूनच घ्यायची, आणि सँपल देताना निदान दोन-तीन दिवस न बदललेला मिडिया द्यायचा, ताज्या मिडियात असलेलाही सापडत नाही. आमचा निगेटिव्ह आला आणि मग त्या कोपऱ्यातल्या इन्क्युबेटरमधून सुटका झाली.

आता सगळ्यांना घाई होते ती इथे, सेल्स वाढल्या, चला प्रयोग. सरांनाही होती. मी आधी बँक, म्हणजे गोठवलेल्या व्हायल्सचा साठा, करायचा हट्ट धरला आणि तो तुम्हीही धरा. जितक्या लवकरच्या पॅसेजला फ्रीझ कराल तितकं बरं. सेल्स जोरात वाढत असताना, नव्वद टक्क्यांहून जास्त जिवंत असताना, आदल्या दिवशी ताजा मिडिया देऊन. एका व्हायलमध्ये साधारण ५० लाख, ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ. डीएमएसओची बाटली थंड खोलीत दगडासारखी दिसली तर दचकू नका, शुद्ध डीएमएसओ १८ अंशाच्या आसपासच गोठतं, हातात धरली की सुटतं. मग व्हायल्स त्या अल्कोहोल भरलेल्या डब्यात, मिस्टर फ्रॉस्टी म्हणतात तो, आणि डबा उणे ८० ला, म्हणजे मिनिटाला साधारण एक अंश या वेगाने गार होतं. डब्यातलं आयसोप्रोपेनॉल पाच वापरांनंतर बदलायचं असतं, आमच्या डब्यावर त्यासाठी टिकमार्क करायचा कागद चिकटवलाय. दुसऱ्या दिवशी सगळ्या नायट्रोजनमध्ये. काही व्हायल्स मास्टर बँक म्हणून वेगळ्या, त्यांना हात लावायचा नाही, बाकी रोजच्या कामासाठी. आणि एक व्हायल लगेच परत वितळवून बघायची, जगते का ते. हे न करता सगळी मूळ सेल्स फेकून देणारे लोक असतात.

त्याच आठवड्यात एक पेलेट एसटीआरला पाठवली. यात जीनोममधल्या ठरावीक जागांवर लहान तुकडे किती वेळा पुन्हा पुन्हा येतात ते मोजतात आणि संदर्भाच्या प्रोफाइलशी जुळवतात, ८० टक्के किंवा जास्त जुळलं तर तीच लाइन. रिपोर्ट यायला दोन आठवडे लागले. जुळलं. जोडीला सेल्सवरची प्रोटीन्स मोजणारी फ्लो सायटोमेट्री केली, आलेखात सीडी१९ आणि सीडी२० दोन्हींचा डोंगर उजवीकडे सरकलेला, म्हणजे भरपूर, आणि टी सेलची खूण असलेलं सीडी३ काही नाही. बी सेलकडून जे अपेक्षित तेच. सेल्स जवळपास तीन महिने वापरायच्या आणि मग नवी व्हायल काढायची असं ठरवून फ्लास्कवर पॅसेजचा आकडा न चुकता लिहायला लागले.

ऑगस्टच्या अखेरीस पहिला खरा प्रयोग झाला, टी सेल्स आणि राजी एकत्र, वेगवेगळ्या प्रमाणात. त्याबद्दल वेगळं लिहीन. आत्ता एवढंच की प्लेटमधल्या नुसती राजी असलेल्या विहिरी (खळगे) सगळ्यात आधी बघा, त्यात आपोआप मरणाऱ्यांचं प्रमाण जास्त असेल तर पुढचे आकडे कितीही देखणे आले तरी उपयोग नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या संस्थेतल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला, तुझ्याकडे राजी आहे ना, एक व्हायल दे की, येते घ्यायला. वाईट वाटलं, पण एमटीएमध्ये तिसऱ्याला द्यायची नाही असं स्वच्छ लिहिलंय, आणि त्या कागदावर माझ्यापेक्षा मोठ्या माणसांच्या सह्या आहेत. म्हणून तिला जैवसुरक्षेचा भरलेला फॉर्म, कस्टम्सच्या पत्राचा मजकूर आणि कायदा विभागाला दिलेलं उत्तर असं सगळं पाठवून दिलं, आणि सांगितलं की तुमच्याकडे सही कोण करतं ते आजच विचार, आणि ते रजेवर कधी जाणार आहेत तेही.